‘न्यायमूर्ती’तली मूर्ती, ‘खंडपीठा’तलं पीठ, आणि जाब कुणी कुणाला विचारायचा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी कोल्हापूरची, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यावर निबंध लिहायचाय. माझी मैत्रीण म्हणते, न्यायमूर्ती, खंडपीठ, न्यायदेवता हे सगळे देवळातले शब्द आहेत, इतक्या धर्मांच्या देशात कोर्टाला असले शब्द कशाला? आणि एकदा मूर्ती म्हटलं की तिला जाब कोण विचारणार? शिवाय न्यायाधीश आणि न्यायमूर्ती यात फरक काय, न्यायपालिका लिहू की न्यायमंडळ, तेही सांगा."

ताई, मैत्रिणीचा शब्दांवरचा आक्षेप काय टिकत नाही, पण त्यातनं निघालेला जाबाचा प्रश्न एकदम कडक आहे.

आधी पीठ. पीठ म्हणजे बसायची जागा, आसन, बास. देवाचं असतं, गुरूचं असतं, भाषण ठोकणाऱ्याचं व्यासपीठ असतं, आणि शिवाजी विद्यापीठाला कुणी देऊळ म्हणत नाही. इंग्रजीतलं बेंच तरी काय, बाकडंच की. (गिरणीतनं दळून आणतो ते पीठ निराळं, ते ‘पिष्ट’वरनं आलंय.) कोल्हापूरकराच्या कानाला पीठ म्हटलं की देवधर्म आठवणार हे मात्र मान्य, कारण इथं अंबाबाईचं शक्तिपीठ, शंकराचार्यांचं करवीर पीठ, आणि शाहू महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ उभं केलं ते वेगळंच, म्हणजे पीठावर बसायचा अधिकार कुणाचा यावरनं या गावात एक मोठी लढाई आधीच होऊन गेलीय.

खंडपीठ शब्दाचा खरा घोळ दुसरा आहे. मराठीत हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना लावतो, एक म्हणजे मुख्य जागा सोडून दुसऱ्या शहरात बसणारं हायकोर्ट, जसं नागपूर खंडपीठ, आणि दुसरं म्हणजे दोन न्यायमूर्ती मिळून बसतात ते. आपल्याकडं वकिलांनी आणि सगळ्यांनीच चार दशकं ‘खंडपीठ झालंच पाहिजे’ म्हणून घोषणा दिल्या आणि १८ ऑगस्ट २०२५ पासनं काम सुरू झालं ते सर्किट बेंचचं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. बोलताना सगळे त्याला खंडपीठच म्हणतात आणि म्हणू देत, पण तुम्ही लॉच्या आहात म्हणून सांगतो, राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चं कलम ५१ काढून बघा. कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशानं होतं, आणि मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं ‘हायकोर्ट या गावातही बसेल’ असं ठरवू शकतात ते त्याच कलमाचं तिसरं पोटकलम, आपलं बेंच त्यातनं आलंय. औरंगाबादला पण १९८१ ला आधी असंच झालं, कायमचं खंडपीठ १९८४ ला. तुमच्या निबंधाला हे उदाहरण घरचंच आहे बघा, मोर्चे निघाले, निवेदनं पुढाऱ्यांना गेली, आणि शेवटी सही चालली ती मुख्य न्यायमूर्तींची.

आता मूर्ती. संस्कृतात मूर्ती म्हणजे आकाराला आलेलं रूप, म्हणून आपण मूर्तिमंत उदाहरण म्हणतो, त्यागमूर्ती म्हणतो, मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतो, त्यात पूजा कुठं आहे? न्यायमूर्ती म्हणजे ज्याच्या रूपानं न्याय समोर बसलाय तो. वापर असा आहे की न्यायाधीश हे पद आणि न्यायमूर्ती हा हायकोर्ट-सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीशांच्या नावाआधी लावायचा मान. म्हणून ‘उच्च न्यायालयाचे न्यायाधीश’ हे चूक नाही, पण ‘जिल्हा न्यायमूर्ती’ लिहिलं तर कोर्टाच्या आवारातला चहावाला पण हसेल. न्यायदेवता तर आपली नव्हेच, डोळ्याला पट्टी नि हातात तराजू ही बाई युरोपातनं आली, रोमन लोकांची देवी. सुप्रीम कोर्टात अलीकडं तिचा नवा पुतळा बसवला त्यात पट्टी काढली आणि तलवारीच्या जागी संविधान दिलं.

मैत्रिणीला आणखी एक दाखवा. कोर्टाची मराठी एका धर्माची कधी नव्हतीच. वकील, कायदा, जामीन, तारीख, हुकूम हे अरबी, फिर्याद आणि दाद फारसी, ‘दाद मागणे’ म्हणजे शब्दशः न्याय मागणे. साक्षीदार बघा, साक्षी संस्कृत आणि दार फारसी, एकाच शब्दात दोघं मांडीला मांडी लावून बसलेत. सगळ्यात भारी म्हणजे सरन्यायाधीश. पुष्कळ जणांना वाटतं हे शाळेतल्या सरांचं सर आहे, पण ते फारसी ‘सर’ म्हणजे डोकं, मुख्य, सरसेनापती-सरचिटणीस मधलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायाधीशाच्या पदनामात फारसी डोकं आणि संस्कृत धड आहे, आणि आजपर्यंत कुणाचं काही बिघडलं नाही.

शब्दच पकडायचा तर ‘धर्म’ पकडा म्हणावं. सुप्रीम कोर्टाचं ब्रीद ‘यतो धर्मस्ततो जयः’, आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं संविधानाच्या उद्देशिकेत आला तो शब्द मराठीत धर्मनिरपेक्ष, हिंदी प्रतीत मात्र पंथनिरपेक्ष. मग कोर्ट धर्माच्या बाजूचं की धर्मापासनं लांब? तर ब्रीदातला धर्म म्हणजे न्याय्य वागणं, कर्तव्य, आणि धर्मनिरपेक्ष मधला धर्म म्हणजे जनगणनेच्या फॉर्मवरचा. हिंदीवाल्यांनी पंथ लिहून घोळ टाळला, आपण नाही टाळला. तो शब्द घालायच्या आधीपासनंच संविधानाचा स्वभाव तसा होता, आणि १९९४ ला बोम्मई खटल्यात ९ न्यायमूर्तींच्या पीठानं धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे असं धरलं. आणि गंमत म्हणजे ही मूलभूत चौकट ज्या १९७३ च्या खटल्यातनं आली त्यातले अर्जदार केशवानंद भारती हे केरळातल्या एका मठाचे स्वामी. मठाच्या जमिनीपायी स्वामीजी कोर्टात गेले, निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला, आणि संसदेलाही बदलता येणार नाही अशी चौकट सगळ्या देशाला मिळाली.

आता मूर्तीला जाब. जाब हा शब्द जबाबचंच आखडलेलं रूप, आणि जबाबदार म्हणजे जबाब देणारा. उत्तरदायी हे त्याचंच संस्कृत कापड, अर्थामध्ये काडीचा फरक नाही. फरक आहे तो जबाब कुणाला द्यायचा यात. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार (अनुच्छेद ७५), राज्यात विधानसभेला (१६४), आणि ते दोन्ही तुम्हाआम्हाला, पाच वर्षांनी का होईना. न्यायाधीश मतदाराला जबाबदार नाही आणि नसावाच, आणि हे आपल्यासारख्या देशात जास्तच लागू आहे, कारण मतं मोजली की ज्यांची डोकी जास्त ते जिंकणार आणि कोर्टात नेमका तो येतो ज्याची डोकी कमी. १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला वाचा. केरळात यहोवाचे साक्षीदार या छोट्या पंथातली तीन भावंडं, राष्ट्रगीत चालू असताना अदबीनं उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांचा धर्म गाऊ देत नाही म्हणून. शाळेनं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. हाच प्रश्न कुठल्याही गावात हात वर करून विचारला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

पण म्हणून न्यायाधीश कुणालाच जबाबदार नाही असं जे सर्रास लिहितात ते चूक. त्याचा जबाब म्हणजे निकालपत्र. उघड्या कोर्टात दोन्ही बाजू ऐकायच्या, कारणं लिहून द्यायची, खाली सही करायची, आणि ती कारणं वरच्या कोर्टानं, मोठ्या पीठानं, वकिलांनी, तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी चिरफाड करायला मोकळी. आणीबाणीत १९७६ ला जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्ती म्हणाले की या काळात अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरुद्ध गेले, त्याची किंमत म्हणून पुढच्या वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं, आणि २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टानंच तो बहुमताचा निकाल चूक ठरवला. जाब विचारायला ४१ वर्षं लागली पण विचारला गेला. निकालावर टीका म्हणजे अवमान हा पण गैरसमजच, १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम ५ संपलेल्या खटल्यावर रास्त टीका करायला स्पष्ट मोकळीक देतं. मूर्ती शब्दाचा तोटा असलाच तर इथं आहे, माणूस पायरी चढताना हात जोडतो आणि प्रश्न घरी ठेवतो.

आणि एके ठिकाणी मला न्यायसंस्थेचं वागणं पटत नाही ते सांगतोच. कॉलेजियमला, म्हणजे नवे न्यायाधीश कोण हे ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाला, पेपरात न्यायवृंद म्हणतात, मला उगाच वाद्यवृंद आठवतो, असो. नेमणुका करायचा हा अधिकार १९९३ च्या निकालानं न्यायाधीशांकडं आला, संसदेनं आणि राज्यांनी मिळून नवा आयोग आणला तो २०१५ ला ४ विरुद्ध १ असा रद्द झाला. सरकारच्या हातात नेमणुका देऊ नयेत हे मला मान्य आहे, १९७३ ला सरन्यायाधीश नेमताना तिघा ज्येष्ठांना डावललं तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय. पण निकालाला शेकडो पानं कारणं लिहिणारे लोक एखाद्याला न्यायाधीश का केलं नाही हे सांगताना इतके मितभाषी का होतात?

रामशास्त्र्यांचं नाव निबंधात येणारच, येऊ दे, १७७३ ला नारायणरावाच्या खुनात खुद्द राघोबादादांना दोषी धरलं आणि पद सोडून गेले. पण तो बाणा एका माणसाचा होता, पद सोडणं एवढंच हातात होतं. न्यायमूर्ती रानड्यांचं बघा, शाळा कोल्हापुरात झाली, काही काळ इथं न्यायाधीशही होते, पण इंग्रज सरकारला राजकीय संशय आला तशी पुण्यातनं नाशिक-धुळ्याला बदली. संविधानानं बाणा माणसाकडनं काढून नियमात घातला, हायकोर्टाला ६२ आणि सुप्रीम कोर्टाला ६५ वर्षांपर्यंत पद पक्कं, पगार मध्येच कापायचा नाही, आणि काढायचं तर दोन्ही सभागृहांत खास बहुमत.

त्या काढण्याला महाभियोग लिहू नका. पेपरवाले लिहितात, पण संविधानात महाभियोग फक्त राष्ट्रपतींवर (अनुच्छेद ६१), न्यायाधीशाला ‘पदावरून दूर करणे’. १९९३ ला न्या. रामस्वामींवरचा ठराव लोकसभेत पडला, २०११ ला न्या. सौमित्र सेन यांच्यावरचा राज्यसभेत पास झाला आणि लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

तसंच ‘संसदेनं निकाल फिरवला’ हे. शाहबानो निकाल १९८५ चा, मुस्लिम घटस्फोटित बाईला पोटगी देणारा. राजकीय दबाव वाढला, १९८६ ला नवा कायदा आला. संसद निकाल फिरवत नाही, ज्या कायद्यावर निकाल उभा होता तो बदलते, आणि बदललेल्या कायद्याचा अर्थ लावायला परत कोर्टच बसतं. २००१ ला डॅनियल लतीफी खटल्यात कोर्टानं तो कायदा ठेवला पण अर्थ असा लावला की इद्दतच्या मुदतीत (घटस्फोटानंतर बाईनं दुसरं लग्न न करता थांबायचा काळ) नवऱ्यानं बायकोच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करून द्यायची. मतदाराला घाबरून एकानं कायदा केला, मतदाराला न घाबरता दुसऱ्यानं वाचला.

राहिलं न्यायपालिका. हिंदीतनं आलाय, चूक म्हणवत नाही कारण आता सगळीकडं रुळलाय, पण मराठी माणसाला पालिका म्हटलं की घरफाळा आठवतो. शाळेच्या नागरिकशास्त्रात कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असा त्रिकूट शिकवलाय तोच वापरा. शीर्षक ‘न्यायमंडळाचे स्वातंत्र्य आणि जबाबदारी’ ठेवा, सरांना उत्तरदायित्वच पाहिजे असेल तर तेही चालेल, फक्त पहिल्याच परिच्छेदात कुणाला उत्तर आणि कशाच्या रूपात उत्तर हे लिहून टाका.