वाचक विचारतात : चीक, पिल्लं आणि पिवळीधमक प्लेट

प्रश्न : सर, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट डुकराच्या पिल्लांवर आहे. दोन दिवसांच्या पिल्लांच्या रक्तातलं आयजीजी (रोगाशी लढणारी मुख्य अँटिबॉडी) मोजायला एलायझा किट (रंग किती गडद येतो त्यावरून प्रमाण सांगणारं) मागवलं, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) १:१०० डायल्यूट म्हणजे पातळ करून लावलं तर प्लेटमधले सगळेच वेल (छोटे खड्डे) पिवळेधमक, स्टँडर्डच्या, म्हणजे माहीत प्रमाणाच्या नमुन्यांच्या, सगळ्यात वरच्या वेलपेक्षाही गडद! किटची रेंज ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत आहे. किट खराब निघालं का? खूप महाग आहे हो. (औंध, पुणे)

उत्तर : घाबरू नकोस, मला तरी किट ठीक वाटतंय, डायल्यूशन कमी पडलंय. हिशोब करून बघ ना, नीट चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) प्यायलेल्या पिल्लाच्या सीरममध्ये मिलीला २०-२५ मिलिग्रॅम आयजीजी सहज असतं, २५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच कोटी नॅनोग्रॅम, शंभराने भागलंस तरी अडीच लाख उरले आणि तुझा कर्व्ह (स्टँडर्डवरून काढलेला आलेख) ५०० ला संपतो. १:१,००,००० केलंस की २५० येतात, बरोब्बर रेंजमध्ये. पण हे एका दमात करू नकोस, १ मायक्रोलिटर उचलताना हात चुकतोच. १० मायक्रोलिटर सीरम ९९० मायक्रोलिटर बफरमध्ये (पातळ करायच्या द्रवात), त्यातलं १० परत ९९० मध्ये, मग त्यातलं १०० घेऊन ९०० मध्ये. दरवेळी टिप नवी, टिपला बाहेरून लागलेला थेंब पुसायचा आणि व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) ढवळायला विसरायचं नाही.

आता गंमत अशी की जन्मल्याजन्मल्या, दूध प्यायच्या आधी घेतलेलं रक्त असेल तर उलटं होईल, त्यात आयजीजी जवळपास नसतंच. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या अँटिबॉडी मिळतात, डुकराच्या वारेतून त्या जात नाहीत, सगळी भिस्त चिकावर. म्हणून ते सँपल कमी डायल्यूट करायचे.

स्टॉप सोल्युशन (रंगाची क्रिया थांबवणारा द्रव) टाकलेली प्लेट आता वाचवता येत नाही, ती सोड. पुढच्या वेळी ८ वेलची एक पट्टी सुटी निघत असेल तर आधी तिच्यावर दोन-तीन डायल्यूशन लावून बघ, मगच पूर्ण प्लेट. आणि मे महिन्यात पंख्याखाली प्लेट उघडी ठेवू नकोस, कडेचे वेल आधी सुकतात आणि आकडे भलतेच येतात, सीलर (प्लेटवर चिकटवायचं झाकण) लावच.

प्रश्न : आमचं हडपसरच्या पुढे वराहपालन आहे. पिल्लांची ताकद बघायला माणसाचं आयजीजी मोजायचं किट चालेल का? स्वस्त मिळतंय.

उत्तर : नाही दादा. किटमधली अँटिबॉडी माणसाचं आयजीजी ओळखायला बनवलेली असते, डुकराचं तिला पकडता आलं तरी आकडा भरवशाचा नाही. डुकराचंच किट लागतं, आणि खरं सांगू, तुम्हाला तेही नको. पिल्लाचं आतडं साधारण २४ तासांत अँटिबॉडी आत घेणं बंद करतं, तेव्हा पैसे किटवर घालण्यापेक्षा त्या रात्री कुणीतरी गोठ्यात जागं राहा, शेवटी जन्मलेलं बारकं पिल्लू आधी कोरडं करा, ऊब द्या आणि पहिल्या काही तासांतच हाताने धरून सडाला लावा.