डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष: एम-थ्रीची भीती

प्रश्न: माझ्या मुलीने मेकॅनिकल डिप्लोमा ८४ टक्क्यांनी पूर्ण केला. आता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा आहे. पण डिप्लोमाच्या मुलांना गणितात केटी लागतेच, म्हणजे विषय राहतोच, बारावीची मुलं पुढे निघून जातात, असं सगळे सांगतात. पाठवावं का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, जरूर पाठवा. फक्त पहिलं सत्र जड जाणार, हे धरून चला.

तुम्ही ऐकलंत ते अगदीच खोटं नाही. बारावीची मुलं पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू, म्हणजे गणिताचे पहिले दोन पेपर, करून येतात. पार्शल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल त्यांच्या हातात बसलेलं असतं. तुमच्या लेकीसमोर एकदम एम-थ्री येणार, म्हणजे लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. त्यात या प्रवेशाच्या फेऱ्या उशिरा संपतात. ती वर्गात पोहोचेल तेव्हा एखादं युनिट शिकवून झालेलं असू शकतं. बरीच हुशार मुलं इथेच खचतात. बुद्धी कमी पडते म्हणून नाही, मधली पायरीच त्यांना कुणी दिलेली नसते म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं.

ही पायरी आत्ता, प्रवेशाची वाट पाहताना चढता येते. डिप्लोमाचं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की करायची, मग एम-वन, एम-टूमधले वर सांगितलेले दोन विषय. रोज दोन तास, वही-पेन घेऊन. एमएसबीटीईच्या, म्हणजे डिप्लोमाच्या परीक्षा मंडळाच्या, पेपरात दोन, चार, सहा गुणांची उत्तरं लिहायची सवय असते. डिग्रीत लांब डेरिव्हेशन्स येतात, तीही लिहून बघू द्या. त्याच कॉलेजात डिप्लोमातूनच गेलेली एखादी सीनियर गाठा. तिच्या नोट्स क्लासपेक्षा जास्त कामाला येतील.

बाकी विषयांत ती मागे नाही. ड्रॉइंग, लेथ, मशीन शॉप तिने तीन वर्षं हाताळलंय. थर्मो किंवा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स तिला नवीन वाटणार नाही. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळी हीच मुलं गटात पुढे दिसतात.

कॉलेज निवडताना नावाइतकंच अंतर बघा. पहिल्या सत्रात रोजचे तीन तास एसटीत गेले, तर गणिताला वेळ उरत नाही. आणि एखादा विषय राहिलाच, तर घरात ‘सांगितलं होतं ना’ असं कुणी म्हणू नये. केटी पुढच्या परीक्षेत सुटते. तिला फोन करून आधी जेवलीस का ते विचारा, पेपरचं नंतर.