जुने रेस टायर ट्रॅकवर नेण्याआधी

सर्वात आधी टायरच्या कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पण नुसत्या वयावर जाऊ नका. टायर किती वेळा तापून थंड झाला, हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक वेळी रबर थोडं कडक होतं, म्हणून रबराच्या नक्षीची खोली भरपूर दिसली तरी पकड गेलेली असू शकते. ड्युरोमीटरने, म्हणजे रबराचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाने, शोर ए या मापात कडकपणा मोजा, दरवेळी साधारण त्याच तापमानाला, आणि लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कसा चढतोय ते बोलतं.

चाक काढून आतली कड तपासाच. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल, जास्त असेल तर झीज तिथेच होते आणि गाडी उभी असताना ती दिसत नाही. धागे दिसले, फुगा आला किंवा कडेला खोल चिरा पडल्या, तर टायर बाद. तिथे घासाघीस नको.

कडक टायर तापायला वेळ घेतो. पहिले दोन-तीन लॅप सावकाश, ब्रेक लवकर. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबायच्या जागी) येताच टायर गरम असतानाच हवेचा दाब मोजा आणि उत्पादकाने दिलेल्या गरम दाबावर आणा. चारपैकी दोनच बरे असतील तर ते मागे लावा. मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते, आणि नवख्याला ती सावरणं फार कठीण. पाऊस आला तर हे टायर घेऊन ट्रॅकवर जाऊच नका.

रबर मऊ करणारी रसायनं टाळा. वरचा थर मऊ होतो, आतला सांगाडा जुनाच राहतो.