अर्धवट उघडलेली जुनी गाडी सोसायटीत ठेवायला कायद्याने बंदी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, तुम्हाला मिळालेल्या जागेत उभी आहे. इंजिन खाली काढलेलं, दारं उतरवलेली, सुट्टीच्या दिवशी जमेल तसं काम चालू. आता कमिटीने ‘भंगार हलवा’ अशी नोटीस दिली आहे आणि अशी गाडी घरी ठेवायला बंदी आहे का, हे तुम्ही विचारताय.

सरसकट बंदी नाही. गाडी चालू स्थितीत नाही एवढ्याच कारणावरून ती तुमच्या जागेतून कुणी उचलून नेऊ शकत नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच आलेली नाही आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत कधीपर्यंत आहे? कमिटीची नोटीस बाजूला ठेवा, आधी आरसी बाहेर काढा आणि तारीख बघा.

कारण सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि त्यानंतर दर वेळी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपण ज्याला ‘पासिंग’ म्हणतो ते हेच. आजवर पासिंग संपलेली गाडी घरात उभी असली तर फारसं कुणी विचारत नसे. रस्त्यावर काढली तरच दंड. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राचे वापरबाह्य वाहनांचे पर्यावरण नियम लागू झाले आणि चित्र बदललं. त्या नियमांत ‘वैध नोंदणी न उरलेलं वाहन’ हेच वापरबाह्य वाहनाच्या व्याख्येत बसतं, आणि असं वाहन १८० दिवसांच्या आत अधिकृत संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे पासिंग जिवंत असलेली, इंजिन नसलेली पद्मिनी ही कायद्याच्या नजरेत मोटार आहे. आणि पासिंग संपलेली, चकचकीत रंगवलेली पद्मिनी मात्र भंगार ठरू शकते. कमिटीच्या नोटिशीतला तो ‘भंगार’ शब्द तुमच्या गाडीला लागू पडतो की नाही, ते पत्रा किती सडलाय त्यावर ठरत नाही, आरसीवरच्या तारखेवर ठरतं.

अडचण अशी, की नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे, हॉर्न, चेसिस नंबर सगळं बघतात. उघडलेली गाडी टेम्पोवर टाकून नेली तरी पास होणार नाही. आणि अर्ज मुदतीच्या ६० दिवसांच्या आतच करता येतो, फार आधी उरकून टाकायची सोय नाही. म्हणून जुनी गाडी करायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: मुदत वर्षभरावर आली असेल तर कामाला हात लावू नका. आहे तशी चालती ठेवा, पासिंग करून घ्या, आणि मग इंजिन उतरवा. हातात पाच वर्षं मिळतात, आणि नोकरी सांभाळून काम करणाऱ्याला ती लागतातच. तुमची गाडी आधीच उघडलेली आहे, म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा. मुदत कधी संपते ते बघा आणि त्या तारखेपासून मागे मोजत या. रंग, अपहोल्स्ट्री, क्रोम नंतर झालं तरी चालतं. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि इंजिन तारखेच्या आत बसलंच पाहिजे. एक दार प्रायमरमध्ये असलेली गाडी पास होऊ शकते, ब्रेक नसलेली नाही.

खर्चाचाही अंदाज घ्या. २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ते ५,००० आहे. पर्यावरण कर त्याशिवाय. उशीर केलात तर विलंब शुल्क महिन्याच्या हिशोबाने चढत जातं.

मुदत आधीच संपली असेल तर? मग नोटिशीशी भांडण्यात एक दिवसही घालवू नका. आरटीओत जाऊन प्रत्यक्ष बोला, थकलेलं शुल्क विचारा, आणि गाडी चालती करण्याचं काम एखाद्या गॅरेजला द्या. हौस म्हणून स्वतःच्या हाताने करायचं हे मला पूर्ण समजतं, पण आधी गाडी वाचली पाहिजे.

आता सोसायटीकडे वळू. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत होतो आणि त्याच सोसायटीत माझी स्टँडर्ड हेराल्ड महिनोन्महिने उघडी उभी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं म्हणणं मला चांगलं ठाऊक आहे. स्टिल्टमधली जागा तुमच्या मालकीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलंय की स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामाईक भाग आहे आणि बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही. सोसायटी तुम्हाला तिथे वाहन उभं करायचा हक्क देते, आणि तो उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीच्या, चौकटीत. ही चौकट तीन गोष्टी विचारते: वाहन सभासदाचं आहे का, ते आखलेल्या जागेत मावतं का, आणि त्या जागेचा वापर वाहन उभं करण्यासाठीच होतोय का. ‘वाहन रोज चालवलं पाहिजे’ अशी अट आदर्श उपविधींत नाही. पण तुमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत वेगळा ठराव केलेला असू शकतो, तेव्हा उपविधींची प्रत आणि गेल्या काही वर्षांची इतिवृत्तं मागून घ्या. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक हौशी लोक अडकतात. गाडी उभी करणं वेगळं आणि तिथे वर्कशॉप थाटणं वेगळं. गिअरबॉक्स भिंतीला टेकवलेला, सीट जिन्याखाली, बंपर मीटरच्या खोलीत, असं चित्र असेल तर कमिटीची बाजू भक्कम आहे, आणि मी कमिटीत असतो तर मीही नोटीस दिली असती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली इमारतीतल्या आगीच्या व्यवस्थेची जबाबदारी सोसायटीवर आहे. जिना आणि अग्निशमन गाडीची वाट मोकळी ठेवणं हे सेक्रेटरीचं काम आहे, त्यात वैयक्तिक राग शोधू नका. काढलेले सगळे भाग घरात न्या, नाहीतर गाडीच्याच आत ठेवा. माझ्या हेराल्डचं पुढचं बोनेट मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढच्या बाजूला उलटतं. ते उघडलं की गाडी दोन-अडीच फूट लांब होते आणि समोरच्यांची स्कूटर निघत नाही. म्हणून मी ते उघडण्याआधी समोरच्या काकूंना विचारतो, आणि काम झालं की त्याच संध्याकाळी बंद करतो. आजवर त्यांनी कधी तक्रार केली नाही, उलट ‘गाडी कधी सुरू होणार’ म्हणून विचारतात.

स्टिल्टमध्ये काय करू नये याबद्दल मी फार कडक आहे. गॅस वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, स्प्रे पेंटिंग तर अजिबात नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि पेट्रोलच्या टाकीची वाफ यांच्यात तिथे काही फुटांचंच अंतर असतं, आणि वर लोकं झोपलेली असतात. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही, आणि खेळणाऱ्या मुलांच्या अंगावरून ती फवारणी जाता कामा नये. पत्र्याचं आणि रंगाचं काम गॅरेजलाच द्या. नट-बोल्ट, कार्बोरेटर, वायरिंग, ब्रेक हे घरी करण्यासारखं आहे. पेट्रोलचंही सांगून ठेवतो: पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, तेही काचेच्या भांड्यात एक लिटरपेक्षा जास्त नाही आणि धातूच्या डब्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही. कायदा ३० म्हणत असला तरी राहत्या इमारतीत सुटं पेट्रोल ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सायलेन्सर न बसवता इंजिन सुरू करून बघायची इच्छा कितीही झाली, तरी ते सोसायटीत करू नका.

गाडी विटांवर ठेवली असेल तर आजच काढा. वीट दिसायला मजबूत असते, पण एका कोपऱ्यावर भार आला की फुटते. लोखंडी स्टँड आणा, चारही बाजूंनी, आणि त्याखाली जाड प्लायचा तुकडा. शक्य असेल तर गाडी चाकांवरच उभी ठेवा. हे सुरक्षिततेसाठी तर आहेच, शिवाय चाकांवर उभी असलेली गाडी बघणाऱ्याला गाडीच वाटते, आणि जागा रिकामी करायची वेळ आली तर चार जणांत ढकलता येते. कमिटीशी बोलताना ‘गरज पडली तर दहा मिनिटांत हलवतो’ हे वाक्य फार उपयोगी पडतं, आणि ते खरं असलं पाहिजे.

पावसाळ्यात महापालिकेचे लोक येतात ते डासांसाठी. ताडपत्रीचा मधला भाग खाली बसून तिथे पाणी साचतं, रिकाम्या टायरच्या आतल्या खोबणीत वाटीभर पाणी राहतं, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. नोटीस येते आणि दंडही होऊ शकतो. टायर आडवे टाकू नका, आतून कापडाने पुसून प्लास्टिकमध्ये बांधा. गाडीवर ताडपत्रीऐवजी हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला; ताडपत्रीखाली दमट होऊन पत्रा आतून गंजतो, हे आणखी एक कारण. निघालेलं काळं ऑइल गटारात ओतायचं नाही, गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते घेणारे असतात.

रस्त्यावर मात्र ही गाडी एक रात्रही ठेवू नका. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेलं वाहन उचलायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने पोलिसांना दिला आहे, आणि इंजिन नसलेली गाडी बेवारस नाही हे नंतर पटवून देताना नाकी नऊ येतात. थर्ड पार्टी विमाही चालू ठेवा. ‘गाडी आत उभी आहे, विमा कशाला’ असं सगळे म्हणतात, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच सांगितलंय की जिथे लोकांना, मर्यादित का होईना, प्रवेश असतो अशी खाजगी जागाही विम्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठरते.

कुणीतरी तुम्हाला ‘पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज करून घे’ असं सांगेल. जुलै २०२१ च्या नियमांत ती सोय आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, २०,००० रुपये शुल्क, नोंदणी दहा वर्षांची. तुमच्या गाडीला तो मुहूर्त २०२८ मध्ये आहे. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. शिवाय चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट आहे. म्हणून आत्ता कुणी ‘दुसरं डिझेल इंजिन टाकून देतो’ म्हणाला तर नाही म्हणा. त्याच कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल तसाही अडचणीचा आहे. मला विचाराल तर साधी नोंदणीच ठेवा. पद्मिनी रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन फिरवण्याची गाडी आहे.

आणि दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा वाद दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचा आहे. महाराष्ट्रात पासिंग झालं की जुनी गाडी चालते.

एक काम पत्र्याचं काम सुरू होण्याआधी नक्की करा. चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या, फोटो काढा. मग रंगाऱ्याला तो नंबर बोटाने दाखवून सांगा की इथे ग्राइंडर लावायचा नाही आणि पुट्टी भरायची नाही. पुट्टीखाली गेलेला किंवा घासून पुसट झालेला नंबर आरटीओत मालकालाच संशयित बनवतो, आणि चांगल्या झालेल्या गाड्या एवढ्याशा कारणाने अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पार्ट्ससाठी दुसरी अख्खी गाडी स्टिल्टमध्ये आणून ठेवू नका, हेही यातच आलं. सुटे पार्ट्स आणा; त्या दुसऱ्या गाडीची कागदपत्रं, तिची जागा आणि तिचं रद्दीकरण हे सगळं तुमच्या गळ्यात पडेल.

आता नोटिशीचं उत्तर. ते लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. गाडी माझ्या नावावर आहे, नोंदणी अमुक तारखेपर्यंत वैध आहे, विमा चालू आहे, वाहन आखलेल्या जागेत चाकांवर उभं आहे, सुटे भाग हलवले आहेत, आणि अमुक महिन्यापर्यंत गाडी चालू होईल, एवढं पुरे. महिना प्रामाणिकपणे लिहा आणि तो पाळा. आरसी आणि विम्याची झेरॉक्स जोडा, एका प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. कमिटी त्यावरही अडून बसली तर विषय सर्वसाधारण सभेत घ्यायला सांगा. तिथेही मिटलं नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही. तोपर्यंत सोसायटीला तुमची गाडी परस्पर भंगारवाल्याला देता येत नाही, आणि तसा प्रयत्न झाला तर सरळ पोलिसांत तक्रार करा. पत्र देण्याआधी मात्र जागा झाडून घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढून पत्राला जोडा.