दुसऱ्याचं जंगल सांभाळायचं काम

प्रश्न : काका, मी यंदा बारावी सायन्स झाले. आमचं गाव देवरुखजवळ. पणजोबांची १४ एकर डोंगराची जमीन आहे. सातबाऱ्यावर २३ नावं, त्यातली निम्मी मुंबईत. दर दहा-बारा वर्षांनी व्यापारी येतो, जंगल उक्तं घेतो, डोंगर बोडका करतो आणि प्रत्येकाच्या हातावर थोडे पैसे ठेवतो. हेच जंगल राखूनही उत्पन्न काढता येईल असं मला वाटतं, आणि पुढे इतरांच्या जमिनींसाठीही हे काम करायचंय. घरचे म्हणतात, फॉरेस्टात सरकारी नोकरी असेल तर ठीक, नाहीतर काही खरं नाही. काय शिकू? आणि यात पोट भरतं का?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आधी शिक्षणाचं उरकतो. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वानिकी महाविद्यालय आहे. बी.एस्सी. चार वर्षांची, प्रवेश सीईटीतून. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे, पण तुझा डोंगर ऐन-किंजळीच्या झाडांचा, तेव्हा दापोलीच बरी. पदवीनंतर एमपीएससीची वनसेवा परीक्षा देता येते, भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत पुढचं शिकता येतं. घरच्यांना हे सांग, म्हणजे ते निदान वर्षभर गप्प बसतील.

तू विचारतेस ते काम मात्र वेगळं आहे आणि त्याची जाहिरात कुठे येत नाही. मी स्वतः वानिकी शिकलेला नाही. लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचो. तिथे जे पाहिलं, त्यावर आज लाकडाच्या सौद्यात जमीनमालकांच्या बाजूने बसतो.

एक उदाहरण देतो. ओंडक्याचं माप काढायची रीत सोपी आहे : घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. मधोमध १.२० मीटर घेर आणि ३ मीटर लांबी असेल तर ०.२७ घनमीटर. (खरं लाकूड याहून जास्त असतं. ही रीतच खरेदीदाराच्या सोयीची आहे, पण बाजार तिच्यावर चालतो.) आता टेप मध्यावर न लावता बारीक टोकाला लावला आणि तिथे घेर एक मीटर भरला, तर तोच ओंडका ०.१९ वर येतो. टेप दीड मीटर सरकला आणि जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. आमच्या वखारीत हे रोज व्हायचं, आणि वहीत ते मीच लिहीत होतो.

आणि हे झालं निदान मोजून घेतलेल्या लाकडाचं. उक्त्या सौद्यात तर कोणी मोजतच नाही. व्यापारी डोंगरावरून एक फेरी मारतो, मनात आकडा बांधतो. तुमच्या २३ जणांपैकी एकाकडेही स्वतःचा आकडा नसतो. तुझ्या धंद्याचं भांडवल म्हणजे तो आकडा.

तो असा काढ. एकरी एक, २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन दोरीने आख. म्हणजे साधारण दहावा हिस्सा मोजला जातो. त्यातल्या प्रत्येक झाडाची जात लिही आणि घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घे. उतारावर उभं राहायचं ते झाडाच्या वरच्या अंगाला. बुंध्याला पंख फुटलेले असतील तर पंखांच्या वर टेप लाव. ऐन लांबूनच कळतो, साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची. खैराची झाडं वेगळी मांड, त्यांना कातामुळे गिऱ्हाईक वेगळं. बारीक सरपणाचा माल वेगळा.

आमच्याकडे एका घराने हे केलं, तर सगळ्या डोंगराची निम्म्याहून जास्त किंमत शंभरेक झाडांत निघाली. मग सगळं साफ करायचं कारणच उरलं नाही. दरवर्षी एक तुकडा तोडायचा, खुंट जमिनीलगत आणि स्वच्छ कापायचे, दोन पावसाळ्यांनी फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढायचे. पोकळ बेहडा-सातवीण तशीच ठेवायची. त्यांच्या लाकडाला कोणी विचारत नाही आणि ककणेर (धनेश पक्षी) घरटं करतो तो त्याच ढोलीत. मालकाला मी ककणेराचं सांगत नाही, लाकडाचं सांगतो. झाड वाचल्याशी मतलब.

पण टेपाआधी सातबारा. ‘इतर हक्क’ हा रकाना पहिल्यांदा वाच. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं शासनाकडे गेली. १२ हेक्टरांच्या आतल्या धारकांना परत देण्याची तरतूद पुढे झाली, पण नोंदी कितीतरी ठिकाणी तशाच लटकलेल्या आहेत. तशी नोंद दिसली तर तोडीचं बोलणंच नको, आधी वकील. नोंद साफ असली तरी साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आधी परवानगी, मग तोड, मग लाकडावर वनखात्याचा हातोडा (शिक्का), मग वाहतूक पास. बांबूचं सोपं झालंय. २०१७ साली केंद्राच्या वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला. बांधाला माणगा बांबू लावायला सांगण्यामागे माझं तेही एक कारण आहे.

आणि हद्द. या धंद्यातलं माझं ते दुसरंच काम होतं. मालकाने गडगा (हद्दीचा दगडी बांध) दाखवला, मी झाडांवर गेरू मारला, तोड झाली. गडगा मूळ जागेवर नव्हताच. शेजाऱ्याचे ११ ऐन गेले. मालकाने हात वर केले. पैसे मी भरले, दीड वर्ष लागलं. तेव्हापासून सरकारी मोजणीचा नकाशा हातात आल्याशिवाय मी गेरूचा डबा उघडत नाही.

पोटाचं विचारलंस. पहिली तीन वर्षं आमचं घर बायकोच्या, शाळेतल्या पगारावर चाललं. आता बरं चालतं, पण नुसत्या जंगलावर नाही. झाडमोजणी, तोडीची कागदपत्रं, जानेवारीत वणवा अडवायला जाळरेषा (गवत जाळून केलेला मोकळा पट्टा) काढून घेणं, काजू-बांबूची लागवड, असं मिळून वर्ष भरतं. मेहनताना दिवसाच्या हिशेबाने घे. विकलेल्या लाकडावर टक्के देऊ करणारे भेटतील, तोंडभर गोड बोलतील. मी एकदा घेतले होते. त्या मोसमात मला प्रत्येक झाड तोडायला तयार दिसायला लागलं.

तुझी खरी अडचण ती २३ नावं आहेत. फोनवर हे जमत नाही. शिमग्याला सगळे गावात असतात, पालखी घरी येऊन गेली की माणसं मोकळी बसतात. तोवर तुझे १४ चौकोन मोजून झालेले असू देत आणि एका कागदावर दोनच आकडे असू देत : व्यापाऱ्याने मागच्या वेळी दिले ते, आणि तुझ्या मोजणीने निघतात ते. थोरल्या चुलत्यांच्या हातात आधी दे, बाकीच्यांना ते वाचून दाखवतील.

मोजायला दिवाळीनंतर सुरुवात कर. रानमोडीचं तण साफ करायला सोबत कोयता चालवणारं माणूस घे. टेप ३० मीटरचा, फायबरचा. कापडी घेऊ नकोस, दवाने त्याचं माप बदलतं.