कम्युनिटी कॉलेजात ओपन सोर्स शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दिवसा नोकरी सांभाळून कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) संध्याकाळी ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचून बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरचा, वर्ग घेणार आहात, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांडपासून सुरुवात करावी की कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटपासून, हे ठरत नाहीये. मीही याच राज्यात असाच वर्ग घेतो. माझ्या मते दोन्ही शिकवा, पण कोर्सची उभारणी त्यांच्यावर करू नका. सेमिस्टर संपेपर्यंत प्रत्येकानं अनोळखी माणसांच्या, खऱ्या वापरातल्या प्रोजेक्टला एक लहानसा बदल पाठवलेला असला पाहिजे, एवढं आधी पक्कं करा आणि त्यावरून बाकीच्या आठवड्यांची आखणी करा.

हे एवढ्या आग्रहानं सांगतोय, कारण आपल्या वर्गात कोण येतं ते बघा. गोदामात पाळी संपवून आलेला माणूस, दोन लेकरांची आई, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला पोरगा. मोठ्या विद्यापीठातल्या मुलांना प्राध्यापकांच्या ओळखी असतात, इंटर्नशिपचे रस्ते माहीत असतात. आपल्या विद्यार्थ्यांकडे त्यातलं फारसं काही नसतं. ओपन सोर्समध्ये मात्र त्यांचं काम, त्यावरची चर्चा, त्यांनी केलेली दुरुस्ती हे सगळं उघड्यावर राहतं आणि नोकरी देणारा ते स्वतः वाचू शकतो.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी रात्री वृद्धाश्रमात काम करायची. एका प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये एक पॅकेज आधी घालावं लागतं, हे लिहायचंच राहून गेलं होतं. तिला ते अडलं, म्हणून तिनं ती एक ओळ घालून पाठवली. काही दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं: ओळ बरोबर आहे, पण कमिट मेसेजमध्ये (नोंदवलेल्या बदलाला जोडलेल्या टिपणीत) काय बदललं तेवढंच लिहिलंय, का बदललं ते लिहा, आणि मधल्या रिकाम्या जागांची साफसफाई वेगळ्या कमिटमध्ये टाका. तिला वाटलं आपलं काम नाकारलं. मी तो संवाद पडद्यावर लावला आणि अख्खा तास त्यावरच घालवला. रिबेस, म्हणजे आधी केलेले कमिट नव्यानं रचणं, काय असतं, हे त्या दिवशी वर्गाला जेवढं कळलं तेवढं माझ्या स्लाइड्सनी कधीच कळलं नव्हतं.

असा कोर्स दोन-तीन वर्षांच्या कॉलेजात चालतो का, अशी शंका विभागात कुणी काढली तर टोरोंटोच्या सेनेका कॉलेजाचं उदाहरण द्या. तिथं 2005 च्या सुमारास फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाशी जोडून घेऊन विद्यार्थ्यांना थेट त्या ब्राउझरच्या कोडमध्ये काम करायला लावलं. जॉन रेसिग या प्रोग्रॅमरनं 2008 मध्ये प्रसिद्ध केलेलं, वेबपानावर चित्रं आणि ॲनिमेशन दाखवणारं प्रोसेसिंग-जेएस पुढं वाढवण्यातही तिथल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. बदल स्वीकारला गेला तरच मार्क, असा नियम कधीही करू नका. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, चार पुल रिक्वेस्टवर (आपला बदल घ्या अशा विनंत्यांवर) टी-शर्ट मिळत होता, त्यापायी प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या रीडमी फायलींमध्ये निरर्थक शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा पूर आला. मेंटेनर इतके वैतागले की ज्या प्रोजेक्टना हवंय त्यांनीच सहभागी व्हावं, असा नियम महिना सुरू असतानाच करावा लागला. मार्कांचं आमिषही तेच करतं. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा आपला मोकळा वेळ देत असतो. म्हणून मार्क द्यायचे ते बग नीट पुन्हा घडवून दाखवला का, आधीची चर्चा वाचली का, उत्तर सभ्यपणे दिलं का, यांना. शक्य असेल तर दोन-तीन प्रोजेक्ट आधी निवडा आणि सेमिस्टर सुरू होण्याआधीच त्यांच्या मेंटेनरना कळवा. आपल्याकडे स्पॅनिश बोलणारे विद्यार्थी खूप असतात. भाषांतराचं काम त्यांना उत्तम जमतं आणि प्रोजेक्टना ते हवंही असतं.

लॅबचं म्हणाल, तर सगळ्यांकडे व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणारा प्रोग्रॅम) चालेल असं गृहीत धरू नका. निम्म्या वर्गाकडे क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, असू शकतं, आणि कॉलेजनं वाटलेल्या क्रोमबुकवर लिनक्सची सोय बऱ्याचदा बंद केलेली असते. कॉलेजच्या एका सर्व्हरवर सगळ्यांना अकाउंट द्या आणि एसएसएचनं, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीनं, आत यायला सांगा. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, डेबियन घ्या. सेंटॉस या दुसऱ्या डिस्ट्रोवर ज्यांनी सगळे धडे बसवले होते त्यांना डिसेंबर 2020 मध्ये अचानक कळलं की सेंटॉस 8 पुढच्या वर्षाअखेर बंद होणार. त्यातून रॉकी आणि अल्मा ही नवी डिस्ट्रो उभी राहिली. प्रोजेक्टचा निर्णय कोण घेतं, हा प्रश्न शिकवायला याहून चांगला धडा नाही.

दुसरा असा धडा एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचा. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खोदत गेला आणि एक्सझेडच्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, सापडला. तो घालणाऱ्यानं एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवायला दोनेक वर्षं खर्ची घातली होती. ही हकिगत मी पूर्ण सांगतो, मेलिंग लिस्टवरचे जुने निरोप वाचून दाखवतो. वर्ग एकदम गप्प होतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

पुस्तक विकत घ्यायला लावू नका. लिनक्स आणि गिट या दोन्हींवरची चांगली पुस्तकं कायदेशीररीत्या मोफत मिळतात. शिवाय ज्या वर्गांना साहित्याचा खर्च शून्य आहे त्यांच्यापुढे तशी खूण करणं या राज्यात 2018 पासून कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती खूण बघून वर्ग निवडणारे विद्यार्थी बरेच असतात. ज्यांचे तास बुडतात त्यांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे व्हिडिओ देतो. ते थांबवत थांबवत, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचे, अशाच बेतानं बनवलेले आहेत.

आणि नवा कोर्स मंजूर व्हायला अभ्यासक्रम समितीकडे वर्षभर सहज जातं. तोवर थांबू नका. आधीपासून मंजूर असलेल्या लिनक्सच्या कोर्सचा शेवटचा प्रोजेक्ट तुमच्या हातात असतो. येत्या सेमिस्टरला तोच बदला.