जुन्या कॅम्परला दमदार इंजिन: तुमचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

मागच्या वेळी जुन्या गाडीचा कॅम्पर (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) करताना आत काय काय बसवावं यावर लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातले अर्ध्याहून जास्त एकच, की सगळं बसवलं पण आता गाडी ओढत नाही, मोठं इंजिन टाकू का? म्हणून आज तेवढंच घेतो.

प्रश्न (कन्नड): २००२ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, जुनं मर्सिडीजवालं २.४ डिझेल इंजिन. आत बेड, ओटा, पाण्याची टाकी सगळं केलंय. औट्रम घाटात दुसऱ्याच्या वर गिअर पडत नाही, मागचे गाडीवाले हॉर्न मारून जीव घ्यायलेत. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन मिळायलंय, टाकू का?

दादा, आधी गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर घाला, टाकी भरलेली आणि सामान आत ठेवून. मजाक नाही करत. माझ्याकडं एक गाडी आली होती, मालकानं घरातल्यासारखा ग्रॅनाईटचा ओटा टाकलेला. ग्रॅनाईट चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतो, अठरा एमएम प्लायचा आठ बाय चारचा एक ताव तीस-पस्तीस किलो, दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर बॅटऱ्या, सिलिंडर, छतावरचं कॅरिअर. आता हिशोब बघा. साडेतीन टनाची गाडी आठ टक्के चढावर ताशी ३० नं चढवायची तर चाकावर साधारण ३५ हॉर्सपॉवर लागतात, आणि तुमचं इंजिन नवं होतं तेव्हाच सत्तरच्या आसपासचं, त्यात ते आता म्हातारं. त्याच चढावर शंभर किलो कमी केले की एक हॉर्सपॉवर फुकट सुटतो. पाचशे किलो उतरवा, पाच हॉर्सपॉवर, आरटीओ नाही आन वेल्डिंग नाही.

मग इंजिनाची तब्येत. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजा, एकमेकांत तीन बारपेक्षा जास्त फरक असेल तर काम निघालं समजा. डिझेल फवारणारे नोझल चेक करा, डिझेलचा पंप कॅलिब्रेट करून घ्या, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. या इंजिनाला टॅपेट हातानं सेट करावे लागतात, आणि किती वर्षांत कोणी झाकण उघडलेलं नसतं ते विचारूच नका. एवढं झालं की निम्म्या गाड्या तिसऱ्यात चढायला लागतात, मी बघितलंय.

एमहॉकचं म्हणाल तर १२० हॉर्सपॉवर आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), तुमच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. हा टॉर्क जाणार कुठून? तुमच्या क्लच प्लेटमधून, गिअरबॉक्समधून, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसमधून आणि मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमधून, आणि यातलं काहीच त्याच्यासाठी बनलेलं नाही. म्हणून लोक स्कॉर्पिओचा गिअरबॉक्सपण सोबत घेतात, मग गिअर लिव्हर दुसऱ्याच जागी येतो, शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागतो, माउंटिंग नव्यानं, चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) समोरच्या ॲक्सलला लागतो का ते बघावं लागतं. त्यात हे कॉमन रेल, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरनं सोडणारं इंजिन, त्यामुळं ईसीएम (तो कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटरचं पॅडल, चावीचा इमोबिलायझर सगळं एकाच गाडीतलं पाहिजे, नाहीतर स्टार्टरच फिरत बसंल. भंगारवाला वायरिंग कापून इंजिन देत असेल तर हातच लावू नका. लई वर्षांपूर्वी मीपण असल्या एका कामात शाफ्टचा अँगल चुकवला होता, साठच्या पुढं गाडी अशी थरथरायची की आतल्या कपबशा नाचायच्या, तीनदा खोलून माउंटिंग एक इंच खाली घेतलं तेव्हा कुठं थांबलं, त्या गिऱ्हाइकाकडून मजुरी मागायचं तोंड राहिलं नव्हतं मला. आणि कायद्याचं खाली बीडच्या उत्तरात लिहिलंय, ते वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

प्रश्न (परभणी): ओमनीचा छोटा कॅम्पर केलाय, दोघंच फिरतो. त्यात जिप्सीचं १.३ इंजिन बसतं असं एक मेकॅनिक म्हणतोय.

बसतं हो, बसवलेल्या गाड्या फिरतातपण. पण ७९६ सीसीच्या, ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीला दुपटीपेक्षा जास्त ताकद दिली की तुम्ही काय हळू चालवणार आहात का? ताशी ६० वरून ८५ वर गेलात की ब्रेकनं जिरवायची ऊर्जा बरोबर दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. ब्रेक तेच, चाकं तीच बारकी, गाडी उंच आणि अरुंद, आणि पुढं बोनेट नाही, तुमचे गुडघे आहेत. इंजिन सीटखाली, त्यामुळं उष्णतापण बसायच्या जागी. माझं मत विचाराल तर ओमनी विका, १.२ ची ईको घ्या आणि बेड तिच्यात हलवा. ईको हळू आहे म्हणून तुम्ही मला शिव्या घालणार नाहीत.

प्रश्न (लातूर): ट्रॅव्हलरमध्ये मोठं टर्बो इंजिन आधीच टाकलेली गाडी घेतली. हिवाळ्यात मस्त चालली, आता मे मध्ये तुळजापूरच्या घाटात काटा लाल. रेडिएटर नवा टाकला, मेकॅनिकनं थर्मोस्टॅटपण काढला, तरी तापायलीय. कामून?

हा खरा मराठवाड्याचा प्रश्न. पुण्यातला माणूस ही गाडी वर्षभर चालवंल आणि त्याला कळणारपण नाही.

पहिलं, थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडं ही सवयच आहे, तापली की थर्मोस्टॅट काढ. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो, गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, मग बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गरागरा फिरतं. गार करायला काढला आणि तापायचं कारण तोच, असं होतं.

दुसरं, गाडी कधी तापते ते नीट बघा. घाटात, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला ऐंशीनं गेली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन, फॅनचा क्लच, किंवा फॅनभोवतीचं कव्हर. इंजिन बदलताना हे कव्हर बसत नाही म्हणून फेकून देतात, मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. पत्र्याचं करून घ्या, स्वस्तातलं काम आहे. उलट सपाट हायवेवर वेगात तापत असेल तर पाणी फिरत नाही, रेडिएटर लहान पडतो किंवा चोंदलाय. टर्बोचा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढं लावलेला असेल तर तोपण बघा, रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम होऊन येते, आणि बाहेर ४३ डिग्री असताना उरतं काय?

तिसरं पाणी. रेडिएटर नवा टाकला म्हणता, पण भरलं काय? बोअरचं असेल तर तुमच्या घरच्या माठाला आतून पांढरं चढतं तसंच ब्लॉकच्या आतपण चढतं, आणि तो थर उष्णता बाहेर सोडत नाही. ब्लॉक फ्लश करा, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटर चालू ठेवून हवा काढा, नाहीतर वरच्या पाईपात फुगा अडकतो. एवढं करूनही रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं) गेलंय.

तोपर्यंत घाटात काटा चढला तर हीटर फुल करा, तो पण एक छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात घरचे खाली उतरून चालायला लागतील, पण हेड वाचंल.

प्रश्न (बीड): मोठं इंजिन टाकलं तर आरटीओला कळतं का? इन्शुरन्सचं काय?

कळतं का हा प्रश्नच चुकीचा आहे, पंधरा वर्षांनंतर पासिंगला गाडी न्यावीच लागते आणि तिथं इंजिन नंबर बघतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सीएनजी, बॅटरी वगैरे किटला वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच टाईपचं इंजिन बदलायचं असेल तर परवानगी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवता येतो, पण इंजिनाचं बिल पाहिजे. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर दंडाचं सोडा, पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्या. आणि अपघात झाला की सर्व्हेअर पहिला नंबरच टिपतो, न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडकलाच समजा. आधी आरटीओत जाऊन विचारा, लेखी घ्या, मगच इंजिन उचला.

प्रश्न (जालना): मॅटाडोरमध्ये बोलेरोचं इंजिन?

नाही. मॅटाडोरची पुढची चाकं ओढतात, बोलेरोची मागची, म्हणजे इंजिन नाही, अख्खी गाडीच बदलावी लागेल. तुमची चालू असेल तर आहे तेच इंजिन रिबोअर करून (झिजलेले सिलिंडर घासून नवे पिस्टन टाकून) घ्या, आणि एखाद्या रविवारी घेऊन या, मला नुसती बघायची आहे.